तीन वेढ्यांची गाठ

बेकारांना काम देणाऱ्या कामकेंद्रात जुन्या शर्टांची बटणं उसवताना मालनचा हात थबकला. तीन वेढ्यांची ही गाठ तिच्या नवऱ्याची, दिगंबरची होती. पलीकडच्या केंद्रात तो अनाथाश्रमासाठी नव्या शर्टांना बटणं लावायचा. यंत्रांनी शिंपीकाम गिळल्यावर जिवाचं बरंवाईट करायला निघालेला हा माणूस त्या बटणांमुळेच सावरला होता.

आणि हा शर्ट तर कोराच होता; अनाथाश्रमात न जाता थेट इथे उसवायला आलेला. म्हणजे तिचंही काम खोटंच.

संध्याकाळी दिगंबर खुशीत जेवायला बसला. सांगावं की गिळावं, मालनला ठरेना.

“अहो, गाठ जरा सैल मारत जा,” ती कशीबशी म्हणाली.

“वा! पोरांची बटणं तुटतील की!”

मालनने सोललेली बोटं पदराखाली घेतली.

“खरंय,” ती म्हणाली, “घट्टच मारा.”