पंचक सुटेपर्यंत

डॉक्टरीणबाईंनी तिघांना खुर्च्या दिल्या आणि सरळ सांगितलं, "बानाबाईंची फुप्फुसं संपलीत. मशीन काढलं तर काही तास. ठेवलं तर चार-पाच दिवस. पण त्या बऱ्या होणार नाहीत. घरी जायचं खुणेनं सांगतात."

तात्यासाहेबांनी टोपी नीट केली. वहिनीला दवाखान्यात आणून नऊ दिवस झाले होते. ते आज पहिल्यांदा आले होते.

"गुरुवारी दुपारपर्यंत चालू ठेवा. मग पंचक सुटतं."

"म्हणजे?"

"पंचकात माणूस गेलं की घरातली अजून पाच जणं नेतं," बानाबाईंचा मुलगा बन्सी भिंतीकडे बघत म्हणाला.

आज सोमवार होता.

"त्या शुद्धीवर आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नळी ओढतात म्हणून हात पलंगाला बांधावे लागलेत."

"बांधलेले ऱ्हाऊ द्या," तात्यासाहेब म्हणाले. "तीन दिवसांचा तर प्रश्न हाये."

बानाबाईंच्या नवऱ्यानं, पुंजारामनं धाकट्या भावाकडं पाहिलं.

"तात्या, ते पाच कोण, ठरलंय का?"

"दादा, थट्टा नका करू."

"थट्टा नाय. यादी असंल तर तुझं नाव पयलं घाल. लई जपलंयस तू जिवाला."

"मोठी माणसं सांगून गेलीत."

"त्यांनीच उतारा म्हणून पिठाचे पाच पुतळे जाळायचं बी सांगितलंय. जाळ की."

"जाळता येतात. पण धोका कशाला?"

पुंजाराम मुलाकडं वळला. "तू बोल. आईचे हात बांधलेत तुझ्या."

"आबा, घरात लेकरं हायेत."

"मग लेकरं घे अन् सासुरवाडीला जा. काकालाबी ने. त्याला एकट्याला भ्या वाटंल."

त्यानं टेबलावरचा, घरी न्यायच्या संमतीचा कागद पुढं ओढला आणि एकेक अक्षर काढत सही केली.

वॉर्डात जाऊन त्यानं बानाबाईंच्या मनगटांच्या पट्ट्या स्वतःच्या हातांनी सोडल्या. सोबत एक सिस्टर निघाली. नळी ती घरी गेल्यावर काढणार होती.

अॅम्ब्युलन्समध्ये घरचं दुसरं कोणी चढलं नाही. तात्यासाहेब लांब लिंबाखाली उभे राहिले. बन्सीनं एक पाय फळीवर ठेवला, मग काढून घेतला.

ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, "बाबा, भोंगा वाजवू का? तशी आता घाई नाय."

"वाजव," पुंजाराम म्हणाला. "आमच्या चितेगावात शिरल्यावर तर जोरात वाजव. लोकांना दारं लावून घ्यायला वेळ मिळू दे."