समुद्राकडे पाठ

गोव्याला जाताना वाटेत दोन दिवस आराम म्हणून अंकुरने कोकणातल्या एका शांत गावात समुद्रासमोरची खोली घेतली. अकोल्याकडच्या खेड्यातून आलेल्या त्याच्या आईने, दुर्गाबाईंनी, समुद्राकडे पाठ करून खुर्ची टाकली आणि त्या अंगणातल्या विहिरीचं पाणी पेला-पेला पीत बसल्या.

“आई, लोकं कुठून कुठून समुद्र पाहाले येतात, अन् तू विहीर पाहून राहिली?”

“हॅट्! काय पाहू त्याले? ही विहीर समुद्राच्या उशाशी, तरी पाणी गोड. आपल्या गावाले समुद्र नाही, अन् बोअरले पाणी खारं. तेच पिऊन तुह्या बापाच्या किडन्या गेल्या. अन् मले तू खारं पाणी दाखवाले आणलं काय रे?”