घरून पूर्ण सपोर्ट

शाळेच्या बँडचा कार्यक्रम संपला न संपला, तोच ट्रंपेट वाजवणाऱ्या मुलीचे बाबा बँडच्या बाईंवर चाल करून आले. बाकीची पोरं दणक्यात वाजवत होती आणि यांची लेक गाल फुगवून फुंकतेय तरी नुसती फुसफूस! चारचौघांत नाक कापलं गेलं होतं त्यांचं.

"आमच्याकडून काही कमी नाही हां, बाई. महागातलं ट्रंपेट घेऊन दिलंय, घरून पूर्ण सपोर्ट आहे. तुम्हीच नीट शिकवत नाही!"

बाईंना या सपोर्टवाल्या पालकांचा अगदी वीट आला होता. एरवी शाळेत हीच पोर भिंती हादरवायची. आज ऐनवेळी घरून धावतपळत आली आणि थेट स्टेजवर चढली, एवढंच काय ते वेगळं. त्यांनी ट्रंपेट उलटं केलं, त्याच्या रुंद तोंडातून हात आत घातला, आणि शी! नाक दाबून चिमटीत बाहेर काढला तो एक कळकट, कुबट मोजा. मोठ्या माणसाचा.

पोरगी रडवेली झाली. "सॉरी बाई. घरी वाजवायला बसले की बाबा कोंबतात तो. आज काढायचाच राहिला."