बेचाळीस बिल्ले

“बिल्ला कुठंय, अक्का?” युनियनच्या संताजीनं विचारलं.

“संडासात,” तानूबाई म्हणाली. “टाकला अन् वरनं बादलीभर पाणी ओतलं.”

संताजीनं वहीसाठी काढलेलं पेन परत खिशाला लावलं. चौकशी दीड मिनिटात आटोपली होती.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात मोटारींच्या कॉइली गुंडाळणाऱ्या बेचाळीस बायका होत्या आणि पितळी बिल्ला एक. तो खिळ्यावर असेल तरच बाईनं तो घेऊन संडासला उठायचं. आयएसओचं सर्टिफिकेट यायचं होतं. त्याआधी शिस्त यायला हवी, असं पर्सोनेल ऑफिसर श्रीरंगसाहेबांचं मत होतं. साहेब पुण्याहून आले होते.

“सौम्या पोटुशी आहे, अण्णा. पाऊण तास खिळ्याकडं बघत होती. शेवटी बसल्या जागीच...” तानूबाई थांबली. “त्यानंतर बिल्ला माझ्या हाती आला.”

मेमोत लिहिलं होतं, कंपनीची मालमत्ता शुक्रवारी चारपर्यंत परत न केल्यास तानूबाई कामावरून कमी. संताजीनं तो दोनदा वाचला आणि टूलरूममध्ये हयवदनकडे गेला. मूळचा बिल्ला हयवदननंच लेथवर कातला होता.

“ड्रॉइंग आहे?” संताजीनं विचारलं.

“कशाला? हात आहे की. एकच पायजे?”

“स्वल्प जास्त.”

शुक्रवारी चारला संताजी तानूबाईला घेऊन केबिनमध्ये गेला आणि साहेबांच्या टेबलावर पिशवी उपडी केली. बेचाळीस बिल्ले काचेवर खणखणले. एक घरंगळत जाऊन चहाच्या बशीला टेकला.

“व्हॉट इज धिस, संताजीराव?”

“मालमत्ता. मेमोप्रमाणे परत.”

“यातला ओरिजिनल कुठला?”

“वर्नियर लावून बघा. सगळे एका मापाचे.”

“आणि पितळ? कंपनीचंच ना?”

“युनियनच्या वर्गणीचं. पावती आहे.”

साहेबांनी एक बिल्ला उजेडात धरला. मग दुसरा. “मी हे ॲक्सेप्ट करू शकत नाही. एन्क्वायरी संपेपर्यंत रूल जुनाच राहील.”

तानूबाई पुढं झाली. ढिगातला एक बिल्ला उचलून तिनं साहेबांना नीट दिसेल असा धरला आणि दाराकडं निघाली.

“कुठे निघालात? एन्क्वायरी चालू आहे!”

“चालू द्या की, साहेब.”

दाराबाहेर सौम्या उभी होती. तानूबाईनं बिल्ला तिच्या हातात ठेवला, परत आत आली आणि दुसरा उचलला.