घाटाआधीची हवा

“दोन मिनिटांचं काम,” पंक्चरच्या दुकानातला महिपत म्हणाला आणि हवेचा मीटर घेऊन कॅराव्हॅनच्या चाकाशी उकिडवा बसला.

अपूर्व शेजारी उभा राहिला. पूर्णगडला चार दिवस काढून तो आणि त्याची बायको राही कोल्हापूरमार्गे पुण्याला परत निघाले होते. गाडीमागे जोडलेलं हे चाकांवरचं घर त्याने हौसेने बांधून घेतलं होतं, आणि घाट चढण्याआधी त्याच्या चारही टायरांची हवा तपासायचीच, हा त्याचा नियम. पालीत शिरताना राही म्हणाली होती, “इथे नको. पुढे साखरप्याला बघू.” त्याने ऐकलं नव्हतं. आता ती काचा लावून, तोंडाला ओढणी गुंडाळून पुढच्या सीटवर बसली होती.

एका बाजूचे दोन टायर झाले. पलीकडे जायला महिपत गाडीपुढून वळला. क्षणभर थबकला आणि तसाच माघारी आला.

“थांबावं लागंल,” तो म्हणाला.

“का?”

“टायर गरम हायत. आकडा खोटा येतो. तासभर गार होऊ देत, मग बघू.”

“आत्ता तर दोन मिनिटं म्हणालात!”

महिपत हात पुसत राहिला. अपूर्वने डिकीतून स्वतःचा मीटर काढून लावला. “हे बघा, बहात्तर. सकाळी गार असताना पासष्ट होती. चालून चालून एवढी वाढणारच. सगळं ठीक आहे.”

“तुमचा मीटर चुकतो. आणि ह्या टायराला चीर हाय.”

अपूर्वने वाकून पाहिलं. चिखलाची रेघ होती. बोटाने पुसली, गेली. त्याचं डोकं तडकलं.

“नवा टायर गळ्यात मारायचा विचार आहे ना? मला नको.”

“माझ्याकडं नवा टायर नायच.”

“मग तुम्हाला पाहिजे तरी काय?”

महिपतने दुकानातून दोन खुर्च्या आणल्या आणि फणसाखाली मांडल्या. एक खुर्ची त्याने खांद्यावरच्या पंच्याने पुसली. “जेवायची वेळ झाली. घर मागंच हाय. मॅडमना पण बोलवा. त्या इकडच्याच काय?”

“तिचं इकडे कुणी नाही,” अपूर्व तुटकपणे म्हणाला. “आम्ही निघतो.”

महिपतचा चेहरा दगडासारखा झाला. तो जवळच्या चाकाशी बसला, टोपण फिरवलं आणि आतली पिनच उपसून काढली. फस्स करत हवा सुटली. कॅराव्हॅन एका अंगाला कलली.

“वेड लागलंय का तुम्हाला?” अपूर्वने त्याची कॉलर धरून त्याला उभं केलं. म्हातारा हलका होता. “पोलिसांना बोलावतो मी!”

“बोलवा,” महिपत म्हणाला. कॉलर सोडवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. “ते येईपर्यंत तरी थांबाल.”

गाडीची काच खाली आली. राहीने तोंडावरची ओढणी सोडली होती. अपूर्वकडे तिने पाहिलंच नाही.

“बाबा, हवा भरा,” ती म्हणाली. “ज्या घरातून तुम्ही मला हाकललंत, तिथं मी जेवायची नाय.”