कंपनीची प्रत

जर्मनीत नव्या कायद्यामुळे आजारपणाचा दाखला डॉक्टरांकडून संगणकावरूनच कंपनीला मिळतो; पण माझ्या लेकीचा विमा खासगी, म्हणून तिला कागदच द्यावा लागतो. ती अजून प्रोबेशनवर. दाखल्याच्या दोन एकसारख्या दिसणाऱ्या प्रतींपैकी एक पाकिटातून तिच्या फ्रँकफर्टच्या ऑफिसात देऊन मी ट्रामच्या थांब्यावर आलो, तोच तिचा फोन. “बाबा, कंपनीचीच प्रत दिलीत ना? माझ्या प्रतीवर डिप्रेशन लिहिलंय, नोकरी जाईल.” “हो गं,” म्हणालो आणि खिशातली प्रत उघडली. तीत आजाराचं नावच नव्हतं. धावत परतलो. रिसेप्शनवरच्या बाईंनी पाकीट फोडलं होतं. “बिटे, प्लीज, लेकीचा चुकीचा कागद आलाय!” एका जर्मन शब्दानंतर मी इंग्रजीत अडखळलो. त्यांनी तो घडी घालून परत दिला, माझ्याकडचा घेतला. “तो मी पाहिलाच नाही.” वळलो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “तिला सांगा, घाई नको. मला यातून बरं व्हायला सहा महिने लागले होते.”