आधी पाणी, मग बटण

“अगं, आधी बूच काढून पाणी ओत! बटण नंतर! किती वेळा सांगू?”

फिटर विहिरीच्या कठड्यावरून ओरडला आणि ओरडल्याबरोबर त्याला खोकल्याची ढास लागली. बायकोने घाईघाईने बटण बंद केलं. कोरडाच घरघरत असलेला पंप गप्प झाला.

“अहो, ओरडू नका बघू. ओरडलं की मला काहीच सुचत नाही.”

“ओरडू नको तर काय आरती ओवाळू? डॉक्टरने दोन महिने दिलेत. त्यातले तीन आठवडे या एका बुचात गेले.”

ती खाली मान घालून उभी राहिली. फिटरला लगेच वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायलाही वेळ कुठे होता?

वस्तीच्या टोकाचं हे घर त्याने तीस वर्षं खपून उभं केलं होतं. वीज सारखी जायची, म्हणून छतावर पॅनेल आणि जिन्याखाली बॅटऱ्या. नळ नव्हता, म्हणून विहीर आणि पंप. गच्चीवर भाजी, कोठीत सहा महिन्यांचं धान्य. कुणाच्या दारात जायची वेळ येऊ नये, एवढीच त्याची हौस. आणि गंमत बघा, कुणावाचून न अडणारं हे घर त्याच्यावाचून एक दिवस चालत नव्हतं. त्याने बायकोला कधी पान्ह्याला हात लावू दिला नव्हता. ती आपली शेजारी बत्ती धरून उभी राहायची, तीस वर्षं. आता भोगा.

लेकीने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, “बाबा, आईला हे जमणार नसेल तर मी तिला इकडे आणणार. घराला कुलूप.” लेकीचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मागे बायको तिथे आठ दिवस राहून आली, तर आल्या आल्या गच्चीवरच्या वांग्यांशी बोलत बसली होती. तिला तिकडे नेलं तर ती वाळून जाईल, हे फिटरला पक्कं माहीत होतं.

म्हणून त्याने कागदावर चार कामं लिहून स्वयंपाकघरात चिकटवली. गॅस, फ्यूज, बॅटरी, पंप.

सुरुवात तर झकास झाली होती. गॅसची टाकी बदलून साबणाच्या पाण्याने गळती तपासायला ती पहिल्याच दिवशी शिकली. दुसऱ्या दिवशी फ्यूजची तार घातली. फिटरने खुशीत तिची पाठ थोपटली. “शाब्बास! उरलेली दोन आली, की मी डोळे मिटायला मोकळा.”

ती उठली. तारेचं भेंडोळं पिशवीत टाकून आत गेली.

आणि मग गाडं जे अडलं ते अडलंच. बॅटरीत बाटलीतलं शुद्ध पाणी घालायचं, तर ती नेमकी विहिरीचं भरून आणायची. पंपात पाणी न ओतताच बटण दाबायची. कधी बूच सैल, कधी झडप बंद; पाणी काही चढायचं नाही. नुकसान एकाही चुकीने झालं नाही, तेवढं नशीब. फिटरच्या नाकी नऊ आले. रोज सकाळी त्याचा आवाज आदल्या दिवशीपेक्षा बारीक होत होता आणि रोज तो कठड्यावर येऊन बसत होता. शिकवल्याशिवाय पडून राहणं त्याला परवडणारं नव्हतं.

मंगळवारी रिक्षावाला त्याला दवाखान्यात न्यायचा. बायको बरोबर यायला निघाली की तो म्हणायचा, “तू येऊन काय करणार? घरी सराव कर.” संध्याकाळी परत यावं तर गच्चीवरची पाण्याची टाकी भरलेली.

“तू भरलीस?” मागच्या मंगळवारी त्याने आशेने विचारलं होतं.

“छे! शेजारच्या मास्तरांनी येऊन पंप चालू करून दिला.”

“मास्तरांनी? त्यांना खिळा ठोकताना खिळा सोडून सगळं सापडतं!”

“शिकले असतील,” ती म्हणाली.

मास्तर शिकले आणि ही शिकेना. त्या दिवशी फिटर भिंतीकडे तोंड करून रडला.

या मंगळवारी डॉक्टरच आले नव्हते. रिक्षा अकरालाच परतली. गल्लीतल्या खड्ड्यांनी पोटात कळा येत होत्या, म्हणून तो कोपऱ्यावरच उतरला आणि कुंपण धरत धरत मागच्या बाजूने आला.

पंप चालू होता. एकसारखा, गोड आवाजात. मास्तर आले असतील म्हणून फिटर कुंपणातून डोकावला.

बायको एकटीच होती. तिच्यापुढे ताटलीत पंपाचं जुनं, फाटलेलं रबरी सील पडलं होतं. सील बदलायला तर त्याने तिला शिकवलंच नव्हतं. टाकी भरून वाहायला लागली, तसा तिने न बघता हात मागे नेऊन पंप बंद केला. सील कागदात गुंडाळून कचऱ्यात खाली दडपलं. मग पान्हा घेतला आणि बूच दोन आटे सैल करून ठेवलं.

फिटर पाऊल न वाजवता मागे सरला. मग फाटकापाशी गेला, कडी मुद्दाम जोरात वाजवली आणि खोकला.

“आलात? इतक्या लवकर?” ती हात पाठीमागे घेत म्हणाली.

“डॉक्टर नव्हते. चढलं का पाणी?”

“नाही हो. माझ्या डोक्यातच शिरत नाही. अजून बरेच दिवस लागतील मला.”

“लागू देत.” तो कठड्यावर बसला. “चल, पहिल्यापासून. सांग, आधी काय करायचं?”

“बटण,” ती म्हणाली.